पुणं झोपलं की फोन उचलणाऱ्या सुनंदाबाई

सुनंदाबाई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली आणि भांडण मी काढलं होतं. हे आधी सांगून टाकते, कारण बाईंच्या या गौरवग्रंथासाठी लेख पाठवणाऱ्या बाकी सगळ्यांच्या पहिल्या भेटी फार गोड झालेल्या दिसतात. नातीनं मला ते लेख वाचून दाखवले. एका गृहस्थांना बाईंच्या चेहऱ्यावर तेज दिसलं, दुसऱ्यांना त्यांच्या डोळ्यांत उद्याचं पुणं दिसलं. मला त्यांच्या हातात पोचे आलेली तांब्याची कळशी दिसली.

आणखी एक गोष्ट त्या लेखांत ऐकली, ती ऐकून माझा चहा गार झाला. बाईंना साठ वर्षं पूर्ण होतात, आता त्यांनी कंपनी विकून विश्रांती घ्यावी, असं चार जणांनी लिहिलंय. चौघांनीही अगदी प्रेमानं. ती कंपनी अकरा घरांतल्या अकरा बायका चालवतात, कंपनी विकली की त्या कुठं जाणार, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. त्या अकरांतली एक मी. म्हणून हा लेख. मी बोलते, नात लिहिते. शब्द बदलायचा नाही असं तिला बजावलंय. ही शिस्तही बाईंचीच. ती कशी लागली ते पुढं येईल.

कसब्यात आमच्या आळीत तांब्यापितळेची कामं चालतात. सकाळपासून ठोक्यावर ठोका. एक वाजला की ठोके थांबतात, फळ्या लागतात आणि चारपर्यंत आळीत मांजरसुद्धा दबकून चालतं. सुनंदाबाई आल्या त्या सव्वादोनला. वर्ध्याकडच्या बाई, त्यांना काय कल्पना! सहा दुकानांच्या कड्या वाजवून झाल्या. मी उंबऱ्यात लसूण सोलत बसले होते. मला दुपारची झोप लागत नाही. पुण्यात जन्म काढून एवढा एक दोष राहिला. मी विचारलं, घड्याळ नाही का तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, घड्याळ आहे, तुमच्या गावात माणसं नाहीत.

उत्तर मला आवडलं. मी पाणी विचारलं आणि पाणी आणायला उठायच्या आधी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी पाणी आणून दिलं. पण आधी विचारलं होतं, ते विचारलंच. पुढं मला पुष्कळ लोकांवर राग काढायचा आहे, तेव्हा पहिला वाटा माझा मी वाढून घेते.

बाई चारपर्यंत आमच्या उंबऱ्यावर थांबल्या. तेवढ्यात आणखी पाच जण येऊन गेले. कुणाचं घंगाळ, कुणाच्या देवळातली समई, कुणाची घाई, कुणाची तक्रार. मी सगळ्यांचे निरोप ठेवून घेतले आणि चार वाजता ज्याचा त्याला पोचवले. समईवाल्यानं तीन शिव्या दिल्या होत्या, त्याही जशाच्या तशा दिल्या. बाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे लिहून कुठं ठेवलं होतं? मी म्हटलं, लिहायला येतं कुणाला? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, कीव करतायत. मी आणखी चार शब्द सुनवायच्या तयारीत होते. पण त्या कळशी दुरुस्तीला टाकून निघून गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या त्या कळशीसाठी नाही, माझ्यासाठी.

त्या मधल्या आठ दिवसांची गोष्ट मला नंतर कळली. बाई पिंपरीकडच्या एका कारखान्यात फोनच्या बोर्डावर होत्या. देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येणार, आता सगळं झटपट होणार, असे ते दिवस. कारखान्यात आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि बोर्डावरच्या तिघींना हार घालून घरी पाठवलं. दोघींनी हार खुंटीला लावला. सुनंदाबाईंनी वही घेतली आणि रोज दुपारी एक ते चार पुण्यातल्या दुकानांना, दवाखान्यांना, वकिलांना फोन लावले. कोण उचलतं त्याची वहीत नोंद केली. कोणीच उचलत नव्हतं. आपण पुणेकर हे पिढ्यान् पिढ्या बघत आलो आणि अभिमानानं सांगत आलो. वर्ध्याहून आलेल्या एका बाईंना त्यात धंदा दिसला. त्या मला म्हणाल्या, काकू, पुण्याला झोपू द्या. त्याचा फोन आपण उचलू.

तर पहिलं गिऱ्हाईक एक दातांचे डॉक्टर, दुसरं चष्म्याचं दुकान, तिसरे मार्केट यार्डातले गुळाचे अडते. दुपारच्या वेळेसाठी त्यांनी आपापल्या पाटीवर वेगळा नंबर लिहायचा, फोन आमच्याकडे यायचा आणि चार वाजता आम्ही निरोप पोचवायचे.

आता खोलीचं सांगते. हे सांगू नका, असं बाईंनी मला दोनदा बजावलंय. दोनदा हो म्हटलंय.

फोन ठेवायला, चार बायकांना बसायला एक खोली हवी होती. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर चांगली खोली मिळाली. मालकांनी चहा दिला, किल्ली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली. मग कागद करायला नाव विचारलं. नाव सांगितल्यावर त्यांना आठवलं की ही खोली पुतण्याला द्यायची आहे. दुसऱ्या मालकांना भाची आठवली. तिसऱ्यांना कुणी नातेवाईक नसावेत, ते नुसतेच म्हणाले, आमच्याकडे जमणार नाही. बाई सात खोल्या बघून आल्या आणि आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, काकू, तुमच्या घरी फोन ठेवला तर चालेल का? यजमान म्हणाले, ठोक्यांत ऐकू कसं येणार? मी म्हटलं, ठोके थांबतात तेव्हाच तर फोन येणार.

असा पहिला फोन आमच्या फडताळात आला. दुसरा रविवार पेठेत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. मग रेखाकडे. रेखा म्हणजे आमच्या शेजारची मुलगी, आधी माझ्याबरोबर फोनवर बसायची, मग लग्न होऊन जुन्नरजवळच्या खेड्यात गेलेली. तिला काम सोडवेना, म्हणून काम तिच्या मागं गेलं. त्या काळात पुण्याच्या दवाखान्याचा निरोप जुन्नरच्या स्वयंपाकघरात घेतला जातो हे कुणाला सांगून पटलं नसतं, म्हणून आम्ही सांगितलंच नाही. पुढं वर्ध्याला बाईंची भाची आली, वाईला एक निवृत्त शिक्षिका आल्या. संगणक आले, कानाला लावायची यंत्रं आली. मी निरोप घ्यायचे आणि फोनवरून रेखाला सांगायचे, ती संगणकात उतरवायची. मोबाईल आले तेव्हा सगळे म्हणाले, आता यांचं संपलं. झालं उलटंच. पूर्वी माणूस घरी जाऊन झोपत तरी होता; फोन खिशात आल्यावर त्याची झोपच गेली. मग तो दुपारचा आपला फोन आमच्याकडे वळवायला लागला.

परवाच्या महामारीच्या वर्षात मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं घरी बसवली आणि घरून काम करता येतं असा शोध लावला. मग बाईंना भाषणांची बोलावणी आली. तुम्ही इतक्या वर्षांपूर्वी हे ओळखलंत, केवढी दूरदृष्टी! याच ग्रंथात एका सद्गृहस्थांनी त्या दूरदृष्टीवर चार पानं लिहिली आहेत. पुतण्याला खोली द्यायची आहे हे ज्यांना आठवलं होतं, ते हेच. पुतणे अजून त्या खोलीत राहायला आलेले नाहीत. दूरदृष्टी कसली डोंबलाची? तुम्ही खोली दिली नाहीत म्हणून आम्ही घराघरात बसलो. बाईंचं मोठेपण असं, की त्यांनी ते चार पानांचं कौतुक वाचलं आणि त्यांना आभाराचं पत्र पाठवलं. माझं मोठेपण तेवढं नाही.

बाईंच्या कामाच्या पद्धतीबद्दल लिहावं, असं संपादकांनी सुचवलं आहे. ती मला कशी शिकवली ते सांगते. सुरुवातीला मी फोन उचलायचे ते आमच्या पद्धतीनं. समोरचा म्हणायचा, डॉक्टर आहेत का? मी म्हणायचे, असते तर मी कशाला बोलले असते? महिनाभरात डॉक्टरांचे तीन पेशंट कमी झाले. चौथ्याची दाढ ठणकत होती, त्याला मी लवंग धरायला सांगितली आणि त्याला आराम पडल्यामुळं तो आलाच नाही. डॉक्टर तणतणत बाईंकडे गेले. बाईंनी त्यांची माफी मागितली. मला वाटलं, आता माझा फोन जातो. बाई आल्या, समोर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, निरोप हे दुसऱ्याचं सामान आहे. त्यात आपली लवंग टाकायची नाही. तेव्हापासून मी टाकली नाही. या लेखात टाकते आहे, पण हा निरोप माझा स्वतःचा आहे.

बाईंच्या तत्त्वांबद्दलही सगळ्यांनी लिहिलंय. प्रामाणिकपणा, सचोटी वगैरे. प्रसंग कुणीच दिला नाही. मी देते. बाणेरकडच्या एका संगणक कंपनीचं मोठं काम येणार होतं. त्यांनी सगळ्या बायकांची माहिती मागवली. त्यात शिक्षणाचा रकाना होता. काम जमवून देणारा एक सल्लागार होता, तो म्हणाला, बाकी ठीक आहे, या काकूंच्या नावापुढं दहावी नापास लिहून टाका, चालून जाईल. हे बोलणं माझ्या घरातच चाललं होतं. दहावी नापास म्हणे! मी आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेली नाही. बाईंनी तो कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: अक्षरओळख नाही, स्मरण उत्तम. मला वाचूनही दाखवलं. काम गेलं. सल्लागारानं आठवडाभर बाईंना व्यवहार शिकवला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की माझ्याबद्दल खरं लिहिलं तर ते दोन ओळींत मावतं आणि त्यातली एक ओळ चांगली असते.

प्रेमळपणाबद्दल मी थोडंच बोलणार, कारण बाईंना ते आवडत नाही. रेखाचं बाळंतपण अवघड झालं तेव्हा तिची जागा भरायला दुसरी बाई मिळत होती. बाईंनी घेतली नाही. दोन महिने त्या स्वतः रेखाच्या पाळीला बसल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, रेखाला सर्दी झालीय. एकानं आल्याचा काढा प्यायला सांगितलं. बाईंनी तो निरोप रेखाला जसाच्या तसा पोचवला. रेखा परत आली तेव्हा तिची जागा तिची होती. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई रोज दुपारी येऊन माझ्या फोनजवळ बसायच्या. निरोप घ्यायच्या, मोठ्यानं म्हणून दाखवायच्या आणि लक्षात मी ठेवायचे. मी म्हणाले, तुम्हाला लिहिता येतं ना? त्या म्हणाल्या, येतं, पण काम तुमचं आहे.

आता विकायचं सांगते.

हिंजवडीकडच्या काचेच्या इमारतीतली एक मोठी कंपनी. नाव घेत नाही, घेतलं तरी त्यांना फरक पडणार नाही. त्यांना आमची गिऱ्हाइकं हवी होती आणि नाव हवं होतं. त्यांचे दोन अधिकारी अकरापैकी तीन घरं बघायला आले. त्यांत माझं एक. तरुण मुलगे, स्वभावानं बरे. आजी, आजी म्हणत होते. चहा घेतला, फडताळातल्या जुन्या फोनचा फोटो काढला. मी त्यांना त्या दुपारचे सव्वीस निरोप म्हणून दाखवले, तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग एकजण बाईंकडे वळून इंग्रजीत काही बोलला आणि बोलताना त्यानं हात हलवला. मला इंग्रजी येत नाही, पण माशी उडवायला हात कसा हलवतात ते कळतं.

त्यांचा बेत बाईंनी मला दारातच सांगितला, लपवला नाही. सहा महिने आम्ही राहायचं, तोवर आमच्याकडची गिऱ्हाइकं त्यांच्या इमारतीतल्या मुलांकडे जायची आणि यंत्राच्या आवाजाकडे जायची. मग आम्हाला हार. बाईंनी त्यांच्याकडे विचाराला महिना मागितला होता. त्या महिन्यात सगळं पुणं बाईंना शहाणपण शिकवायला आलं. एक म्हणाले, अशी संधी दाराशी येत नाही. दुसरे म्हणाले, घरातल्या बायका म्हणजे काय कंपनी असते होय? बाई ऐकून घेत होत्या. त्यांच्या ऐकून घेण्याचाच मला राग आला. यंत्र आलं म्हणून ज्यांना बोर्डावरून उठवलं, त्यांनी यंत्रासाठी आम्हाला उठवायचा विचार महिनाभर करायचा? विचार करायला मिनिटही का लागावं? त्या महिन्यात मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते त्यांना लागलं. लागायलाच हवं होतं.

महिना संपायच्या चार दिवस आधी बाई आल्या. आळी चालून दम लागला होता. खुर्चीवर बसल्या आणि गुडघे चोळत राहिल्या.

"काकू, माझे गुडघे गेले. मुलगी म्हणते, आता पुरे."

"गुडघे दुखतात म्हणून कुणी घर विकतं का?"

"मग चालवणार कोण?"

"आत्ता कोण चालवतं?"

बाई बोटांवर मोजायला लागल्या. पाळ्या रेखा लावते. नवी गिऱ्हाइकं वाईच्या शिक्षिका बघतात. संगणक बिघडला की वर्ध्याची भाची. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाई इतकी वर्षं पुण्यात राहून आमच्यासारखंच बोलतात, पण आतून हलल्या की गावाकडचं येतं. म्हणाल्या, "हे मले काहून नाही सुचलं?"

मी म्हटलं, तुम्ही शिकलेल्या लोकांना विचारत होतात.

बाईंनी हिंजवडीला कळवलं: अकरा जणींची नावं तुमच्या कागदात कायमची घालणार असाल तर पुढं बोलू. पलीकडून परत फोन आला नाही. हितचिंतक हळहळले. बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं एक जण माझ्यादेखत म्हणाले. धोंडा पडला असता तर आमच्या पायावर पडला असता, आणि पाय आमचे होते म्हणूनच तो यांना दिसत नव्हता.

मग बाईंनी भागीदारीचा कागद करून आणला. कंपनी बारा जणींची, अकरा आम्ही आणि बाराव्या बाई, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. माझा अंगठा घ्यायला रेखा आणि बाई दोघी घरी आल्या. मी म्हटलं, आधी सगळा वाचून दाखवा. बाई हसल्या. म्हणाल्या, काकू, माझ्यावर भरवसा नाही? मी म्हटलं, भरवसा नसता तर वाचायला सांगितलंच नसतं, तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं.

रेखानं वाचायला घेतलं. चौथ्या पानावर आल्यावर तिचा आवाज बारीक झाला. तिथं लिहिलं होतं, की सुनंदा रामटेके या भागीदार नसून सल्लागार राहतील आणि कधीही, कोणत्याही कारणाशिवाय बाजूला होऊ शकतील. म्हणजे भागीदार अकराच. आम्हाला मालकीण करून बाई स्वतः पाहुण्या होणार होत्या. मला राग आला. या सगळ्या गोष्टीत आला नव्हता एवढा आला. खोलीवाल्यांनी बाईंना बाहेर ठेवलं ते ठेवलं. आता बाई आपल्याच हातानं आपल्याला बाहेर ठेवत होत्या आणि त्याला नम्रपणा म्हणत होत्या. मी म्हटलं, बाकी अकरा जणींच्या ओळीत यांचं नाव येईपर्यंत माझा अंगठा मिळणार नाही. बाई म्हणाल्या, अहो, वकिलांनी तसं केलंय. मी म्हटलं, वकिलांना सांगा, दुसऱ्याच्या सामानात आपली लवंग टाकू नका. पानं नवीन होऊन आली. रेखानं पुन्हा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, मी ऐकली, आणि मग शाई मागितली.

संपादकांनी सांगितलंय, शेवट दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करावा. मी बाईंहून वीस वर्षांनी मोठी. आजवर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत आले. पण आता आम्ही भागीदार आहोत आणि भागीदारीत आशीर्वाद चालत नाहीत, अटी चालतात. तेव्हा अट अशी. सुनंदाबाई, गुडघ्यांचं ऑपरेशन याच थंडीत करून घ्या. तोवर तुमची पाळी रेखा घेईल. भाषणांना कमी जा. हारतुरे घ्या, पण घालणाऱ्याचं तोंड एकदा नीट बघून घ्या. आणि पुष्कळ वर्षं जगा. नव्या पानांत एक कलम आहे, ते मी दोनदा वाचून घेतलं: बारांपैकी कुणालाही बाजूला व्हायचं असेल, तर बाकी अकरांची परवानगी लागेल.

तुम्हाला ती मिळणार नाही.